दोन नंबरची घंटा

फानीमावशीने दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते, आणि दारात लोव्रो उभा होता. अंगात काळा कोट, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात पवित्र पाणी शिंपडायची हिरवी डहाळी. तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती त्याच्याकडे.

“कोण गेलं रे?” मावशीने विचारलं.

“तू,” लोव्रो म्हणाला.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला, पण आमच्या झालिप्ये गावात अजून कालची असल्यासारखी सांगतात. आमच्याकडे कुणी गेलं की संत येर्नेच्या चर्चमधली सगळ्यात लहान घंटा वाजते. तिला नाउचेक म्हणतात. बाई गेली तर दोन टोले, पुरुष गेला तर तीन, मध्ये थांबून थांबून. ती वाजली की माणूस हातातलं काम टाकतो, क्रूसाची खूण करतो आणि विचारतो, कोण? मग शेजारीपाजारी मेणबत्ती घेऊन त्या घरी जातात आणि गेलेल्यावर पाणी शिंपडतात. लोव्रोने दोन टोले ऐकले होते. पाठोपाठ “फानी गेली” असं कुणीतरी स्पष्ट म्हणालेलंही ऐकलं होतं. मग शेजारधर्म म्हणून तो निघाला. आता यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! चुकलं ते एवढंच, की नाउचेक वाजलीच नव्हती.

मावशी मोठी खमकी बाई. दुसरी असती तर बोंब मारून गाव गोळा केलं असतं. हिने त्याला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, म्हणाली, “आलाच आहेस तर मेलेल्या बाईच्या हातचा डोनट खाऊन जा.” आणि तो खात असताना तिने त्याच्या काकांना फोन केला. गाश्परकाका आले, त्यांनी पुतण्याच्या हातातली डहाळी हळूच काढून घेतली. तिथून दवाखाना, तिथून ल्युब्लियानाचं मोठं इस्पितळ आणि तिथे त्या आजाराचं नाव मिळालं, स्किझोफ्रेनिया. लोव्रो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

गोळ्या सुरू झाल्या. त्या तो आजही घेतो, न चुकता, आणि कुणी विचारलं तर मान वर करून सांगतो. लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये तो जमिनीच्या फळ्या बसवायचं काम करतो, आणि त्याने बसवलेल्या फळ्यांच्या सांध्यात नख जात नाही. बोलणारे आवाज हळूहळू मागे हटले. नाउचेक मात्र पुरती गेली नाही. महिन्यातून एखाददोनदा ती त्याला ऐकू यायचीच. तेव्हा तो आपल्या आणि काकांच्या घरामधल्या कुंपणाशी यायचा आणि हाक मारायचा.

“काका, वाजली?”

गाश्परकाका चर्चची देखभाल करायचे, नाउचेकची दोरी त्यांच्याच हाती असायची. त्यांना नाही कळणार तर कुणाला? वर न बघता ते म्हणायचे, “नाही.”

“बरं,” म्हणून लोव्रो कामाला लागायचा.

नऊ वर्षं हे असं चाललं. काकांनी एकदाही कपाळावर आठी आणली नाही, एकदाही “परत तेच?” म्हटलं नाही. तसे ते फार तोडून बोलणारे, पाद्रीबाबांनाही सोडत नसत. पण या एका प्रश्नाला त्यांचं उत्तर नेहमी साधं आणि सरळ असायचं. 

आता खरी गोष्ट सांगतो. आजाराआधी लोव्रो आमच्या चर्चचा घंटावादक होता. एरवी आमच्या तीन मोठ्या घंटा मोटरवर झुलतात. सणाला मात्र मोटर बंद होते आणि तीन माणसं मनोऱ्यात चढतात. प्रत्येकजण आपल्या घंटेचा लोलक हातात धरतो आणि आपला नंबर आला की टोला देतो. एक, दोन, तीन, दोन. एक, दोन, तीन, दोन. वेग वाढत जातो, धून बदलत जाते आणि खाली दरीभर लोक मान वर करून ऐकत राहतात. एकावर गाश्परकाका, तीनवर त्यांची मुलगी मेत्का आणि दोनवर, सतराव्या वर्षापासून, लोव्रो. दोन नंबर सगळ्यात कठीण, कारण दर एक सोडून टोला त्याचा. आसपासच्या पाच गावांत त्याच्या तोडीचा दोन नंबर नव्हता. हे मी गावचा म्हणून फुशारकी मारत नाही, त्या पाच गावांना विचारा.

तो आजारी पडला आणि त्याच्या जागी पोल्दे आला. बरा वाजवायचा. यंदा जुलैअखेर पोल्देला ऑस्ट्रियात नोकरी लागली आणि तो बॅग भरून गेला. संत येर्नेचा सण तीन आठवड्यांवर!

“शेजारच्या गावाला सांगू, त्यांची टोळी येईल,” काकांच्या अंगणात कुणीतरी म्हणालं.

“आपल्या सणाला आपल्या मनोऱ्यात ते वाजवणार?” गाश्परकाका उसळले. “त्यापेक्षा मनोराच पाडा ना. विटा मी वाहतो.”

“बाबा, लोव्रो आहे की,” मेत्का म्हणाली.

काका तिच्याकडे वळले. मग म्हणाले, “ज्याचे कान थापा मारतात त्याला घंटेपाशी उभा करू?”

“त्याचे थापा तरी मारतात. तुमचे तर हल्ली कामावरच येत नाहीत. काल तीनदा जेवायला हाक मारली मी.”

लोव्रो कुंपणापलीकडे उभा राहून सगळं ऐकत होता. हे आवाज खरे होते, त्याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याला दोन नंबरची घंटा हवी होती. नऊ वर्षं त्याने हे कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण दर सणाला तो खाली उभा राहून पोल्देचे टोले मोजायचा आणि त्याच्या उजव्या हाताला आपोआप झटके बसायचे.

“काका,” तो म्हणाला, “मला एकदा बघा तरी.”

काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. “तीन तालमी. तिसरीतही चुकलास तर मी स्वतः शेजाऱ्यांना फोन करीन. आणि तो फोन मला करायला लावलास तर मी मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही.”

पहिली तालीम शनिवारी सकाळी झाली. लोव्रोने कातड्याचा हातमोजा चढवला, लोलक धरला, आणि जुनी ओळख पटावी तसा हात आपोआप वळला. एक, दोन, तीन, दोन. चार फेऱ्या झकास गेल्या. मेत्काने तिकडून डोळा मारला. आणि पाचव्या फेरीत घोटाळा झाला. लोव्रोने आपला टोला दिला, आवाज आला, पण तो आवाज त्याला आपला वाटलाच नाही. त्याला वाटलं, दोन कुणीतरी वाजवलं. दुसऱ्याच कुणीतरी. मग आपलं राहिलं! म्हणून त्याने पुन्हा टोला दिला. एक, दोन, दोन, तीन, सगळ्याची खिचडी झाली.

“पुन्हा,” काका म्हणाले.

पुन्हा तेच. बुधवारच्या दुसऱ्या तालमीतही तेच. कधी जोडटोला, तर कधी आपल्याच टोल्याला दचकून तो पुढचा टोला चुकवायचा.

काकांनी लोलक सोडला. “काय रे, इथे दोन लोव्रो आलेत का? असतील तर एकाला खाली पाठव.”

चिडवायचं म्हणून बोलले ते, पण लोव्रोला ते अंगठ्यावर हातोडी बसावी तसं लागलं. कारण घडत होतं अगदी तसंच. मनोऱ्याच्या सत्तर पायऱ्या उतरताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला. सव्विसाव्या वर्षी हातची गेलेली घंटा पस्तिसाव्या वर्षी पुन्हा हातात आली होती आणि तो ती आपल्याच हाताने घालवत होता.

गुरुवारी त्याला ल्युब्लियानाला जायचं होतं. तिथल्या एक डॉक्टर, मारुशा नावाच्या, आवाज मेंदूत कसा शिरतो यावर संशोधन करत होत्या. वसंतातच त्यांनी लोव्रोला विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं होतं. बसमध्ये बसताना त्याला वाटलं, कशाला जायचं, पण शब्द दिला होता.

डॉक्टरबाईंनी त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, केसांत थंडगार चिकट मलम भरलं.

“केस धुवायला शाम्पू देणार ना?” लोव्रोने विचारलं.

“देणार. कॉफीपण देणार. हलू नका.”

आधी त्यांनी नुसती टिकटिक ऐकवली. टिक-टिक, मग थोडं थांबून पुन्हा टिक-टिक. अर्धा तास. मग म्हणाल्या, आता “आ” म्हणा. तो कितीतरी वेळा “आ” म्हणाला. मग त्याचाच “आ” त्याला परत ऐकवला. झाल्यावर पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, डोंगरदऱ्यांसारख्या वरखाली जाणाऱ्या.

“हे बघा. दोन टिक लागोपाठ वाजल्या की बहुतेकांचा मेंदू पहिलीला उठून बघतो आणि दुसरीला म्हणतो, तीच आहे, जाऊ दे. दुसरीची टेकडी बुटकी होते. तुमची बघा, दोन्ही जवळपास सारख्याच.”

“म्हणजे माझं डोकं प्रत्येकाला उठून नमस्कार करतं,” लोव्रो म्हणाला.

“असंच म्हणा. दमत असाल.”

“दमतो. पण उद्धट तर नाही ना.”

बाई हसल्या. मग दुसऱ्या रेघांकडे बोट करून म्हणाल्या, “आता हे. आपण बोलतो तेव्हा मेंदू कानाला आधीच निरोप धाडतो, हा आपलाच आवाज येतोय, दचकू नको. मग कान स्वतःच्या आवाजाला जरा थंड घेतो. तुमच्याकडे तो निरोप नीट पोचत नाही. तुमचा स्वतःचा ‘आ’ कानाला पाहुण्यासारखा वाटतो. माणसाच्या मनात विचारही बोलल्यासारखेच चालतात, त्यामुळे कदाचित तेही बाहेरून आल्यासारखे वाटत असतील. हे ‘कदाचित’ लक्षात ठेवा. आम्हाला सगळं कळलेलं नाही.”

लोव्रो खुर्चीवर ताठ बसला. “फक्त बोलण्याचं असं होतं? की आपण काही वाजवलं तरीही? टोला दिला तर?”

“तोही आपणच केलेला आवाज. तसं होऊ शकतं. का?”

मग त्याने त्यांना दोन लोव्रोंची गोष्ट सांगितली. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या.

“बाई, आणि हाताचं काय?” त्याने विचारलं. “लोलक आदळला की हाताला झटका बसतो. तो तर मलाच बसतो ना? मेत्काने टोला दिला तर माझ्या हाताला बसणार नाही.”

“हाताचा निरोपही काहींच्या बाबतीत गडबडतो,” बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. “तुमचा मी मोजलेला नाही. त्यामुळे खात्री देत नाही. पण करून बघा आणि मला कळवा. हे मला पुस्तकात मिळणार नाही.”

लोव्रोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढी शिकलेली बाई त्याला म्हणत होती, मला कळवा! परतीच्या बसमध्ये त्याच्या केसांत अजून मलम होतं, शाम्पू करायचा तो विसरलाच होता, आणि शेजारची म्हातारी त्याच्याकडे सारखी बघत होती. बघू दे.

शनिवारी तिसरी तालीम. लोव्रोने हातमोजा काढून खिशात घातला.

“मोजा घाल, बावळटा. कातडं सोलून निघेल,” काका ओरडले.

“निघू दे. मोज्यातून मला नीट कळत नाही.”

“काय कळत नाही?”

“टोला कुणाचा ते.”

काकांनी मेत्काकडे बघितलं, मेत्काने खांदे उडवले. सुरू झालं. एक, दोन, तीन, दोन. लोव्रो कानाकडे लक्षच देत नव्हता. कानाला वाटलं तर वाटू दे पाहुणा. नागड्या लोखंडाचा झटका तळहातातून कोपरापर्यंत चढला की तो मनात म्हणायचा, हा माझा. पुढचा हाताला कळला नाही, म्हणजे तो मेत्काचा. हा पुन्हा माझा. पाचवी फेरी गेली, दहावी गेली, धून बदलली, वेग वाढला. एकदा गडबडतोय असं वाटलं, पण हाताने सांभाळून घेतलं. शेवटचा टोला पडला तेव्हा त्याच्या अंगठ्याखालची कातडी फाटली होती आणि लोलकाला रक्ताचा डाग लागला होता.

मेत्का टाळ्या पिटायला लागली. काकांनी लोलकावरचा रक्ताचा डाग बाहीने पुसला.

“उद्या नऊला,” ते म्हणाले. “दाढी करून ये.”

रविवारी अख्खं गाव चर्चपुढच्या मोठ्या झाडाखाली जमलं होतं. पाच गावांच्या टोळ्या आल्या होत्या, हाताची घडी घालून आणि कान टवकारून. बायकांनी अक्रोडाच्या गुंडाळपोळ्या कापून ठेवल्या होत्या. “दोनवर कोण? तो नाउचेकवाला?” असं कुणीतरी म्हणालं आणि फानीमावशीने त्या माणसाला तिथल्या तिथे झापलं, हे लोव्रोला नंतर कळलं.

वर मनोऱ्यात त्याने हाताला पट्टी न बांधताच लोलक धरला. नाउचेकची दोरी त्याच्या समोरच, छताच्या भोकातून येऊन खाली गेली होती. आज त्या दोरीला, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, लाल लोकरीचा एक धागा बांधलेला होता, वीतभर टोक लोंबत. काल तो नव्हता. कुणी बांधला, कशाला, विचारायला वेळ नव्हता. काकांनी मान हलवली आणि पहिला टोला पडला.

एक, दोन, तीन, दोन. तळहात आगीत धरल्यासारखा जळत होता आणि लोव्रोला त्या जळण्याचाच आधार होता. धून बदलली. खाली कुणीतरी “वा!” म्हणालं. सातवी फेरी, आठवी. आणि नवव्या फेरीत, तिन्ही घंटांच्या गदारोळात, त्याला ती ऐकू आली. बारीक, स्वच्छ. नाउचेक. एक टोला. थोडं थांबून दुसरा. मग कानाशी कुणीतरी म्हणालं, फानी गेली.

आमच्याकडे नाउचेक वाजली की बाकीच्या घंटा तिथल्या तिथे थांबतात, सण असो की लग्न. हात थांबवायलाच हवा होता. विचारायचं तर कुणाला? या गोंधळात काकांना हाक ऐकू जाणार नव्हती. त्याने समोर बघितलं. लाल धागा सरळ खाली लोंबत होता. दोरी हलली असती तर धाग्यानेही उडी मारली असती. पण धागा जागचा हलला नव्हता.

नाही वाजली, लोव्रोने स्वतःलाच सांगितलं. बरं.

आणि तळहाताला झटका बसला. हा माझा. त्याचा एकही टोला चुकला नव्हता. नाउचेक अजून दोनदा वाजली, त्याने तिला वाजू दिलं. दहावी फेरी, बारावी, मग शेवटची, सगळ्यात जलद, जिथे पोल्दे दरवर्षी धापा टाकायचा. लोव्रोला हसू येत होतं. शेवटचे तीन टोले पडले, एक, दोन, तीन. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मनोऱ्यातली कबुतरं उडाली. शेजारच्या टोळ्यांनी हाताच्या घड्या सोडल्या होत्या. लोव्रो कधी नव्हे एवढा अभिमानाने फुलला होता, आणि का फुलू नये?

मेत्काने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि ती पायऱ्यांवरून धावत खाली गेली. काका गुडघे चोळत बाकावर बसले.

“नवव्या फेरीत दोरीकडे बघितलंस,” ते म्हणाले. “वाजली?”

“वाजली. दोन टोले.”

“मग?”

“धागा हलला नाही.”

“हं.”

“काका, तो धागा कुणी बांधला?”

“उंदरांनी,” काका म्हणाले.

मग त्यांनी खिशातून मनोऱ्याची जुनी किल्ली काढली आणि लोव्रोच्या सोललेल्या हातावर ठेवली. “माझे गुडघे गेले. यापुढे नाउचेक तू वाजवायची.”

लोव्रो दचकला. “ती नको काका. दुसरं काहीही सांगा. लोक हसतील.”

“हसू देत. ज्याला ती एकदा खोटी ऐकू आली, तो दहादा खात्री केल्याशिवाय दोरीला हात लावणार नाही. या कामाला मला असाच माणूस पाहिजे. दुसरा शोधून दे, किल्ली परत घेतो.”

लोव्रोने किल्ली मुठीत धरली. खालून फानीमावशीचा खणखणीत आवाज आला, “अरे लोव्रो! मी आहे का गेले? पोळी संपायच्या आत सांग!”

“आहेस मावशी!” त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं. “मी बघितलंय!”

खाली हशा उसळला, आणि या वेळी त्यात लोव्रोचंही हसू होतं. तो वळला तेव्हा काका उठून दोरीपाशी उभे होते, लाल धागा बोटांत धरून.

“माझ्या वेळी तीन टोले,” ते म्हणाले. “तेव्हा वाजली का, म्हणून तू विचारशील तर सांगायला मी नसेन. हातमोजा घालू नकोस.”